रिपीट आपला, तर भाव आपला: इंकस्केपमध्ये स्वतःची नक्षी बसवा



समजा, नवी पेठेत एका रांगेत चार दुकानं आहेत. चौघांकडे टॉवेल, नॅपकिन, गिफ्ट पॅक. चौघांनी डिझाइन कुठून घेतलं? कुणी इंटरनेटवरून उतरवलं, कुणी प्रिंटवाल्याकडच्या तयार फाइलींतून निवडलं. आता गिऱ्हाईक दारात येतं तेव्हा त्याच्याकडे विचारायला एकच प्रश्न उरतो: "शेजारी वीस रुपये कमी आहे, तुम्ही किती देता?"

माल सारखा दिसला की बोलणी फक्त भावावर होतात. या आठवड्याचा व्हिडिओ त्यावरच आहे. आपली स्वतःची, एकात एक बसणारी नक्षी कॉम्प्युटरवर कशी तयार करायची, तेही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. व्हिडिओत माउस कुठे फिरतो ते दिसतं. इथे मी आकडे, क्रम आणि अडचणीच्या जागा लिहून ठेवतोय, म्हणजे काम करताना शेजारी उघडून ठेवता येईल. शेवटी कायद्याचा एक मुद्दा आहे. तो वाचल्याशिवाय डिझाइन व्हॉट्सॲप स्टेटसला टाकू नका.

सोलापूरला रिपीट शिकवायची गरज नाही

आपलं गाव पिढ्यान्पिढ्या रिपीटवरच जगलं आहे. सोलापुरी चादर जॅकार्डवर विणली जाते. डिझायनर आधी ग्राफ कागदावर चौकडी भरतो. एक चौकडी म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडतात आणि भोक आहे की नाही यावर कोणता धागा उचलायचा ते मशीनला कळतं. कार्डांची माळ फिरत राहते, नक्षी पुन्हा पुन्हा येते.

फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डने हे यंत्र १८०४ च्या सुमारास पुढे आणलं. नंतर इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने त्याच कार्डांची कल्पना आपल्या गणन यंत्रासाठी घेतली. म्हणजे कॉम्प्युटर आणि आपला जॅकार्ड माग हे नात्यातलेच. चादरवाल्या गावातल्या माणसाने कॉम्प्युटरवर नक्षी काढायला बिचकण्याचं काही कारण नाही.

फरक एवढाच, की आज आपण जी नक्षी करणार आहोत तिच्यात रिकामी जागा नसते. नेहमीच्या रिपीटमध्ये फूल असतं आणि फुलामागे मोकळा रंग असतो. इथे एक आकार संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. फट नाही, एकावर एक चढणं नाही. याला इंग्रजीत टेसलेशन म्हणतात. आपण सोप्या भाषेत "बसती नक्षी" म्हणू. घरातली शहाबादी फरशी म्हणजे बसती नक्षी. फुटपाथवरचे नागमोडी पेव्हर ब्लॉक म्हणजेही बसती नक्षी.

कोणता आकार बसतो?

गणित चौथीतलं आहे. जिथे फरश्यांचे कोपरे एकत्र येतात तिथे सगळे कोन मिळून ३६० अंश झाले पाहिजेत. चौकोनाचा कोन ९०, चार बसतात. समभुज त्रिकोणाचा ६०, सहा बसतात. षटकोनाचा १२०, तीन बसतात. नियमित पंचकोनाचा १०८. तीन ठेवले तर ३२४ होतात, चार ठेवले तर ४३२. एकतर फट राहते, नाहीतर एकमेकांवर चढतात. सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या आकारांत एकट्याने जमीन भरून काढणारे हे तीनच: त्रिकोण, चौकोन, षटकोन.

मग पक्षी, मासा, पान असे आकार कसे बसतात? युक्ती साधी आहे. चौकोनाच्या एका बाजूने जेवढा तुकडा कापाल, तेवढाच समोरच्या बाजूला जोडा. क्षेत्रफळ तेवढंच राहतं आणि एकाचा फुगवटा शेजाऱ्याच्या खोबणीत बरोबर जातो.

नेदरलँड्सचा चित्रकार एम. सी. एशर याने या युक्तीवर नाव कमावलं. त्याने स्पेनमधल्या अलहंब्रा राजवाड्यातल्या भिंतींची नक्षी १९२२ मध्ये पाहिली. १९३६ मध्ये तो पुन्हा तिथे गेला आणि ती नक्षी उतरवून घेतली. नंतर त्याच नियमांवर त्याने पक्षी, मासे, सरडे बसवले. तो गणितज्ञ नव्हता. आणि ज्यांना अलहंब्रा लांब वाटतं त्यांच्यासाठी शंभरेक किलोमीटरवर विजापूर आहे. इब्राहिम रोजाच्या दगडी जाळ्या आणि भिंतींवरची कोरीव नक्षी एकदा रिपीट शोधायच्या नजरेने बघून या.

आधी माप, मग चित्र

नवीन माणूस आधी सुंदर आकार काढतो आणि मग तो मालावर बसवायला जातो. आपण उलटं करायचं.

समजा तुमच्या टॉवेलचा काठ सोडून मधला भाग ७५ बाय १५० सेंटिमीटर आहे. तुम्ही फरशी १०० मिलिमीटरची धरली तर रुंदीत साडेसात बसतील. म्हणजे एका काठाला अर्धा पक्षी. ७५ मिलिमीटरची धरली तर रुंदीत १० आणि लांबीत २०. दोन्ही आकडे सम आहेत. दोन रंग आलटून-पालटून टाकायचे असतील तर सम आकडा हवाच, नाहीतर एका काठाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट जुळत नाही.

विणून घ्यायचं असेल तर सेंटिमीटर बाजूला ठेवा आणि धागे मोजा. मागवाल्याला विचारा: जॅकार्डला हुक किती आणि इंचाला धागे किती? समजा ४०० हुकांवर काम आहे. तर रिपीट १०० किंवा २०० धाग्यांचा ठेवला तर तो पूर्ण भागात बसतो, १२० चा ठेवला तर नाही. आणि विणकामात गोल वळण पायऱ्या-पायऱ्यांनी दिसतं. त्यामुळे बारीक चोच, बारीक शेपूट टाळा. ठळक आकार घ्या.

इंकस्केपमध्ये करून बघू

इंकस्केप फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि धंद्यासाठी वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. साध्या लॅपटॉपवर चालतं. खालचा क्रम १.० आणि त्यानंतरच्या व्हर्जनसाठी आहे.

पहिली पायरी. ७५ बाय ७५ मिलिमीटरचा चौकोन काढा. वरच्या पट्टीत आकडे टाइप करा, हाताने ओढून अंदाजाने करू नका. आत रंग भरा. बाहेरची रेघ, म्हणजे स्ट्रोक, पूर्ण काढून टाका. रेघ ठेवली तर सॉफ्टवेअर रेघेची जाडीही मापात धरतं आणि फटी पडतात.

दुसरी पायरी. या एकट्या चौकोनाचा ग्रुप करा: कंट्रोल आणि जी. एकाच वस्तूचा ग्रुप कशाला, असं वाटेल. पुढे कळेल.

तिसरी पायरी. एडिट मेनूत क्लोन, त्यात क्रिएट टाइल्ड क्लोन्स. सिमेट्रीच्या यादीत पी१ निवडा, म्हणजे साधं सरकवणं. ओळी ४, रांगा ४ आणि क्रिएट. सोळा चौकोन एकमेकांना चिकटून दिसतील. यातला पहिला क्लोन तुमच्या मूळ ग्रुपच्या बरोबर वर बसलेला असतो. त्याच्यावर क्लिक करा. खालच्या पट्टीत क्लोन असं दिसलं की तो डिलीट करा. आता मूळ ग्रुप मोकळा झाला.

चौथी पायरी. मूळ ग्रुपवर डबल क्लिक करून आत जा. पेन टूलने डाव्या बाजूवर एक बंद आकार काढा, समजा पंखाची खोबण. हा आकार चौकोनाच्या डाव्या कडेबाहेर थोडासा जाऊ द्या. नेमका कडेवर संपवायला गेलात तर केसाएवढी चकती उरते. कोपऱ्यांपासून मात्र लांब राहा.

पाचवी पायरी. त्या आकाराची डुप्लिकेट काढा: कंट्रोल आणि डी. ऑब्जेक्ट मेनूत ट्रान्सफॉर्म उघडा. मूव्हच्या टॅबमध्ये रिलेटिव्हवर टिक ठेवून हॉरिझॉन्टल ७५ मिलिमीटर टाका आणि अप्लाय करा. नक्कल उजव्या कडेवर जाऊन बसते.

सहावी पायरी. चौकोन आणि डावा आकार निवडा, पाथ मेनूत डिफरन्स. खोबण कापली गेली. मग उरलेला चौकोन आणि उजवी नक्कल निवडा, पाथ मेनूत युनियन. फुगवटा जोडला गेला.

आता बाकीच्या पंधरांकडे बघा. सगळे आपोआप बदललेले असतील. ग्रुपची युक्ती यासाठीच होती. क्लोन ग्रुपकडे बघतात, आत तुम्ही काहीही करा, ते मागोमाग बदलतात. शिवाय क्लोनमधलं अंतर आपण साध्या चौकोनावरून आधीच ठरवून घेतलं. आकार कापून झाल्यावर क्लोन केले असते, तर सॉफ्टवेअरने फुगवट्यासकट माप धरलं असतं आणि प्रत्येक दोन पक्ष्यांमध्ये फट आली असती.

सातवी पायरी. वरच्या आणि खालच्या बाजूला हेच करा. वरच्या कडेवर आकार, नक्कल, आणि या वेळी व्हर्टिकल ७५, म्हणजे खाली. डिफरन्स, युनियन.

मग थांबा आणि बाह्यरेषेकडे बघा. काय दिसतंय? ही पायरी कॉम्प्युटर करत नाही. एखादं पान दिसेल, एखादं कणीस दिसेल. आपल्याकडे विषयांची कमी नाही: मंगळवेढ्याची ज्वारी, नान्नजचा माळढोक, उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी. दिसलेल्या आकारात ग्रुपच्या आतच डोळा, पंखाची रेघ, पानाची शीर काढा. सोळाही ठिकाणी ती उमटेल.

मालाची दिशा: पैसे इथे वाचतात

पी१ मध्ये सगळे पक्षी एकाच दिशेला बघतात. भिंतीवरच्या फ्रेमला ते छान. पण चादर पलंगावर टाकली की एका बाजूने बघणाऱ्याला पक्षी उलटे दिसतात. शर्टाच्या कापडाला तर सरळ खर्चच. वन-वे प्रिंट असली की कटिंग मास्टरला सगळे भाग एकाच दिशेने मांडावे लागतात, उलटसुलट बसवून कापड वाचवता येत नाही. युनिफॉर्म आणि गारमेंटच्या धंद्यातल्या मंडळींना हे सांगायला नको.

त्यावर उपाय म्हणजे त्याच यादीतलं पी२. इथे शेजारची रांग अर्ध्या फेऱ्याने, म्हणजे १८० अंशांत फिरलेली असते. कापड उलटं धरलं तरी नक्षी तशीच दिसते. यासाठी डाव्या आणि उजव्या बाजूची कापणी वेगळी. प्रत्येक बाजूचा मध्य धरायचा. वरच्या अर्ध्यातून जो तुकडा कापाल, तो त्या मध्याभोवती १८० अंश फिरवून त्याच बाजूच्या खालच्या अर्ध्याला जोडायचा. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. वर-खाली मात्र आधीसारखंच सरकवणं. तिसऱ्या पायरीत पी१ ऐवजी पी२ निवडायला विसरू नका.

त्या यादीत असे एकूण १७ पर्याय आहेत. सपाट जागेवर रिपीट नक्षी बसवायच्या पद्धती एवढ्याच. येवग्राफ फेदोरोव या रशियन शास्त्रज्ञाने हे १८९१ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे अठरावी पद्धत शोधण्यात वेळ घालवू नका. नावीन्य आकारात आणा.

कुणी म्हणेल, ते "हॅट" नावाचं प्रकरण गाजलं होतं, ते करू का? इंग्लंडमधल्या डेव्हिड स्मिथ या निवृत्त प्रिंट टेक्निशियनने २०२२ मध्ये छंद म्हणून आकार जुळवता जुळवता तेरा बाजूंचा एक आकार शोधला. तो जमीन पूर्ण भरतो, पण नक्षी कधीच रिपीट होत नाही. तीन तज्ज्ञांबरोबर त्याने २०२३ मध्ये त्याची सिद्धता मांडली. आपल्या छपाईच्या धंद्यातला माणूस जगातल्या गणितज्ञांना नवीन काही दाखवू शकतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पण ज्या नक्षीला रिपीटच नाही ती कार्डांच्या माळेवर चढणार कशी? टॉवेलसाठी पी१, पी२ पुरे.

प्रिंटवाल्याला फाइल देताना

रंगापासून सुरुवात. दोन रंगांत नक्षी हवी असेल तर दोन्ही रंगांच्या फरश्या शेजारी-शेजारी ठेवू नका. स्क्रीनवर आणि फाइलमध्ये त्यांच्यामध्ये केसाएवढी पांढरी रेघ दिसते. त्यापेक्षा क्लोन अनलिंक करा, एकाआड एक फरशी डिलीट करा आणि मागे दुसऱ्या रंगाचा एक मोठा चौकोन टाका. मागचा रंगच दुसरा पक्षी होतो. रेघेचा प्रश्नच मिटला. दुसऱ्या पक्ष्याचे डोळे, रेघा तेवढ्या वरून ठेवा.

मग रिपीटचं माप. दोन रंगांमुळे रिपीट आता दोन फरश्यांचा झाला, म्हणजे १५० बाय १५० मिलिमीटर. पानाचं माप तेवढंच करा आणि नक्षीच्या मधोमध ठेवा. पान कुठेही ठेवलं तरी चालतं. एका बाजूने कापलेला पक्षी समोरच्या बाजूला पूर्ण होतो.

एक्स्पोर्ट करताना बहुतेक जण ३०० डीपीआय टाकतात. हिशेब करा: १५० मिलिमीटरचे १७७१.६५ पिक्सेल होतात. पाऊण पिक्सेल कुठून आणायचा? सॉफ्टवेअर तो गोल करतं आणि जोडावर बारीक रेघ येते. एक टॉवेल असेल तर लक्षात येत नाही, पण लांब कापडावर दर १५ सेंटिमीटरला ती रेघ उमटते. त्याऐवजी २५४ डीपीआय घ्या. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून मिलिमीटरला बरोबर १० पिक्सेल. १५० चे १५००. सरळ हिशेब.

फाइल पाठवण्याआधी ती पुन्हा इंकस्केपमध्ये आणा, चार नकला शेजारी लावा आणि जोड मोठे करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पूर्ण लॉट वाया जाण्यापेक्षा स्वस्त.

स्टेटसला टाकण्याआधी हे वाचा

डिझाइन झालं की हात शिवशिवतात. पण थांबा.

बरेच जण म्हणतात, "मी काढलं, म्हणजे कॉपीराइट माझाच." चित्र म्हणून तो असतो. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते यंत्राने ५० पेक्षा जास्त नगांवर उतरवलं की त्याचा कॉपीराइट संपतो. एक्कावन्नावा टॉवेल निघाला की शेजाऱ्याला अडवायचा तो आधार गेला.

त्यासाठी डिझाइन्स ॲक्ट, २००० आहे. नोंदणीमुळे आधी १० वर्षं आणि मुदतवाढ घेतली तर आणखी ५ वर्षं हक्क मिळतो. एकट्या व्यक्तीला आणि लहान उद्योगाला अर्जाची सरकारी फी १,००० रुपये आहे. अट मात्र कडक: अर्जाच्या आधी डिझाइन कुठेही जाहीर झालेलं नसावं. स्टेटस, इन्स्टाग्राम, दुकानाची काच, सगळं जाहीर करणंच. प्रिंटवाल्याला विश्वासाने दाखवणं यात धरत नाहीत. कापडाच्या नव्या डिझाइनची पहिली गोपनीय ऑर्डर घेतली, तरी कायदा त्याला जाहीर करणं मानत नाही. तरीही "हे गोपनीय आहे" असं लिहून पाठवा. तोंडी शब्दाचा पुरावा नसतो.

नुसता षटकोन किंवा साधी चौकड नवीन म्हणून नोंदवता येणार नाही, ती सगळ्यांची आहे. तुमचा माळढोक तुमचा. नोंदणी वस्तूच्या वर्गानुसार होते, त्यामुळे टॉवेल आणि ड्रेसचं कापड वेगळं धरा. मोठी ऑर्डर दिसत असेल तर या विषयातल्या वकिलाला एकदा दाखवा.

आणि सोलापुरी चादरीला जीआय आहे ना? आहे, आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण तो गावाच्या नावाचा सामाईक हक्क आहे. तुमच्या दुकानातल्या नक्षीचं राखण तो करत नाही. ते तुम्हालाच करायचं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या एका वस्तूचं खरं माप घ्या आणि सम संख्येने भाग जाईल असं फरशीचं माप ठरवा.
२. पी१ मध्ये तीन फरश्या करा. पहिली फेकण्यासारखीच होईल, दुसरीत हात बसेल.
३. तिसरी कागदावर छापा आणि घरातल्या कुणालाही काही न सांगता विचारा, काय दिसतं? तीन जणांना एकच गोष्ट दिसली तर आकार जमला.
४. फाइलवर तारीख टाकून जपून ठेवा. बाहेर कुठेही टाकू नका.

पुढच्या व्हिडिओत हीच फरशी घेऊन नॅपकिन, कागदी पिशवी आणि बॉक्स असा एक सेट करू आणि त्याचं कॉस्टिंग मांडू. शेजारी वीस रुपये कमी असतील तर असू देत. शेजारी हा माळढोक मिळत नाही, एवढंच गिऱ्हाइकाला सांगता आलं की बोलणी वेगळ्या जागेवरून सुरू होतात.

भेटू पुढच्या आठवड्यात. कामाला लागा!